आमच्याकडे पाण्याचं बिल येत नाही

गौरीजेवणाचा दिवस होता. पुरण पोटात गेलं होतं, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत लवंडली होती आणि आम्ही जावाजावा ओट्याशी विडे लावत बसलो होतो. मागे भांड्यांचा डोंगर पडला होता. धाकटी जाऊ त्याच्याकडे बघून म्हणाली, "एवढी भांडी माझ्याकडे घासली असती तर या वेळचं पाण्याचं बिल वरच्या टप्प्यात गेलं असतं." ती वाकडला राहते, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. तिथे मीटर आहे आणि जितका वापर जास्त तितका दर चढतो. सुट्टीवर आलेल्या माझ्या मुलीने बंगळूरच्या तिच्या बिलाचा फोटो मोबाइलवर दाखवला. मी पुण्याच्या कडेला, उंड्रीच्या बाजूच्या आमच्या सोसायटीची खजिनदार, त्यामुळे टँकरची पावती-वही माझ्या पर्समध्ये जवळजवळ कायमच असते. ती मी काढली. शेवटी सगळ्यांनी थोरल्या जाऊबाईंकडे पाहिलं. सदाशिव पेठेतलं हे घर त्यांचं, गौरी बसतात त्याही इथेच.

"आमच्याकडे बाई पाण्याचं बिलच येत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

काही घरांत "आमच्याकडे कुणालाच शुगर नाही" असं ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात. तपासली आहे का, असं आपण विचारत नाही, बरं दिसत नाही म्हणून. मी मात्र विचारलं, आणि त्यांच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मिळकतकराचं बिल बाहेर आलं. सवलत मिळावी म्हणून त्यांनी मे महिन्यातच ते भरलं होतं, खाली सहीशिक्का, वर मारुतीच्या चिकटचित्रासारखा दिसणारा कसला तरी डाग. त्यात सर्वसाधारण कर, सफाई कर, वृक्ष कर, शिक्षण कर असं एकाखाली एक लिहिलं होतं आणि त्या रांगेत 'पाणीपट्टी' ही ओळ होती. वर्षाचे २,३४० रुपये. एवढी वर्षं भरतायत, पण पाण्याचे पैसे म्हणून त्यांनी ते कधी मोजले नव्हते. घर आहे म्हणून घरपट्टी, आणि घरपट्टीच्या पोटात हे एक.

त्या दुपारपासून हा हिशेब माझ्या डोक्यातून गेलेला नाही. चौघींची बिलं समोर होती आणि त्यातली कुठलीही दोन एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी नव्हती. वाकडचं बिल दोन-तीन महिन्यांचं आणि युनिटवर. बंगळूरचं दर महिन्याचं. माझं फेऱ्यांवर. जाऊबाईंचं वर्षाचं, आणि त्याचा पाण्याशी संबंध फक्त नावापुरता. पुण्यात पाणी स्वस्त की महाग, हा वाद आपण चहाच्या टपरीपासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत घालतो. पण ज्या आकड्यावर तो घालायचा तो आकडाच आपल्याकडे नाही. नळातून घरात पडलेल्या हजार लिटरला किती रुपये पडले, एवढं साधं उत्तर पुण्यातल्या बहुतेक घरांना देता येणार नाही. माझं म्हणणं असं की हे उत्तर नसणं हा योगायोग नाही. ज्यांना पाणी भरपूर मिळतं त्यांना ते नसण्याचा फायदा होतो, आणि ज्यांना मिळत नाही त्यांच्या खिशातून त्याची भरपाई होते.

पाणीपट्टी कशी ठरते ते आधी बघू. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या वार्षिक करयोग्य रकमेच्या टप्प्यांवर बसते. ही रक्कम घराच्या क्षेत्रफळावर, भागाच्या दरावर आणि आकारणी कधी झाली त्यावर ठरते. घरात माणसं किती, नळ किती तास चालतो, पाणी तिसऱ्या मजल्यावर चढतं की नाही, यातल्या कशालाच त्यात जागा नाही. चाळीस वर्षांपूर्वी आकारणी झालेला पेठेतला फ्लॅट आणि गेल्या पाच-सात वर्षांत आकारणी झालेला उपनगरातला तेवढाच फ्लॅट यांच्या रकमा कितीतरी वेगळ्या असतात, आणि जास्त असते ती बहुधा नव्याची. नवी घरं शहराच्या कडेला झाली आणि कडेलाच पाणी कमी. ज्याने पट्टी बसवली त्याच्या मनात श्रीमंताकडून जास्त घ्यावं असं असेलही. प्रत्यक्षात जास्त घेतलं जातं ते नवख्याकडून.

आता जाऊबाईंचा दर काढू. घरात त्या आणि भावजी, दोघंच. शहरी घरगुती वापरासाठी केंद्राच्या नियमपुस्तकात माणशी रोज १३५ लिटर धरतात. तेवढंच पाणी दोघांनी वापरलं तर वर्षाला साधारण ९८ हजार लिटर होतं आणि हजार लिटरला पावणेचोवीस रुपये पडतात. माणशी तीनशे लिटर वापरलं तर तोच दर पावणेअकरा रुपयांवर येतो. म्हणजे जितकं जास्त सांडाल तितकं स्वस्त! किराणा दुकानदाराने असा हिशेब ठेवला असता तर महिन्यात दुकानाला कुलूप लागलं असतं.

जाऊबाई उधळ्या नाहीत हो. रिकाम्या दुधाच्या पिशव्याही धुऊन वाळवून विकणाऱ्यांतल्या त्या. पण पुण्यात गुरुवार असतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे आपण इतक्या वर्षांत पचवलंय की पंचांगात छापायला हरकत नाही. म्हणून बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कळशी, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. आणि शुक्रवारी नळ आला की काय करायचं? कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. हे फक्त पेठेत चालतं असं नाही, माझ्या माहेरी डेक्कनलाही हेच होतं. पुढच्या बादलीला शून्य रुपये पडत असतील तर कालचं पाणी शिळंच ठरणार. पाणी जपा, पाणी वाचवा असे फलक भिंतींवर लावून यात काडीचा फरक पडत नाही. आकड्यानेच काही पडला तर पडेल.

आता माझी वही.

आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट. पावसाळ्यात बोअर बऱ्यापैकी चालतात, दिवाळीनंतर आटायला लागतात आणि फेब्रुवारीपासून टँकरवर जगणं. टँकर दहा हजार लिटरचा, निदान पावतीवर तरी. हिवाळ्यात फेरीला १,४०० रुपये घेत होते, उन्हाळ्यात भाव चढतो आणि टँकरवाला फोन उचलेनासा होतो. भाव चढला याचं दुःख करायला सवड नसते, कारण पहाटे साडेपाचला पाण्याच्या टाकीवर उभं राहून गाडी आत घ्यायची असते. आमची जमिनीखालची टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद. एका रविवारी समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी बांबूची पट्टी आणली, त्यावर खुणा केल्या, पंप बंद केला आणि टँकर ओतायच्या आधी व नंतर पाण्याची पातळी मोजली. बारा चौरस मीटरच्या टाकीत दहा हजार लिटर पडले तर पाणी ८३ सेंटिमीटर चढायला हवं. चढलं ७४. म्हणजे पावणेनऊ हजारांच्या जरा वर. हजार-अकराशे लिटर कुठे गेलं? वाटेत सांडलं म्हणावं तर रस्ता कोरडा. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, टाकीत गाळ असतो, त्यात बसतं." गाळात पाणी बसतं हे विज्ञान मी पहिल्यांदाच ऐकलं.

फेरीचे १,४०० भागिले ८.८८, म्हणजे हजार लिटरला १५८ रुपये. चार माणसांचं घर माणशी १३५ लिटरने महिन्याला १६,२०० लिटर वापरतं. सगळं टँकरचं धरलं तर महिन्याचं बिल अडीच हजारांच्या वर. तेवढंच पाणी बंगळूरच्या जुन्या दराने, म्हणजे २०१४ पासून दहा वर्षांहून जास्त काळ चाललेल्या दराने (पहिल्या आठ हजार लिटरला हजारी सात रुपये, पुढच्या टप्प्याला अकरा), स्वतंत्र घराला दीडशे रुपयांच्या आत मिळत होतं. सांडपाण्याचा आकार वेगळा. बंगळूरने एप्रिल २०२५ मध्ये दर वाढवले तेव्हा केवढी ओरड झाली! मुलगीही तणतणत होती. मी तिला म्हटलं, तुझी वाढ माझ्या वहीत टाकली तर पूर्णांकात येणारसुद्धा नाही. मुंबईत इमारतींना हजार लिटरचा दर सहा रुपयांच्या जरा वर आहे आणि माणशी दीडशे लिटर ओलांडले की तो पटीत चढतो. हे सगळं पाणी दूरवरून, डोंगर फोडून आणलेलं. आणि खडकवासल्याचं धरण तर माझ्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराच्या पलीकडेच आहे.

वहीत न बसणारे खर्च वेगळेच. बोअर आणि पंपांची वीज मेंटेनन्समध्ये जाते. बोअरचं पाणी जड, त्यामुळे गीझरची कॉइल दीड-दोन वर्षांत क्षाराने पांढरी होऊन जळते, नळांना खडे धरतात, केस गळतात (हा शेवटचा खर्च मी कुणाच्याही खात्यात टाकलेला नाही). म्हणून प्रत्येक घरात शुद्धीकरण यंत्र, आणि ते एक लिटर पिण्याचं देताना त्याहून जास्त बाहेर टाकतं. पाण्याचं बिल येत नाही असं म्हणणाऱ्या कुठल्याही पुणेकराने एकदा विजेचं बिल, मेंटेनन्सची पावती आणि प्लंबरचा नंबर असं समोर ठेवून बसावं.

आणि एक बिल असं असतं की ते रुपयांत मांडायला जीव धजावत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या आजाराचे रुग्ण दिसू लागले. पुढे पुणे परिसरात संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. बोट गेलं ते दूषित पाण्याकडे. ज्या गावांना विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, फक्त निर्जंतुक करून मिळत होतं, ती गावं खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याला आहेत. नकाशात धरणाच्या जवळ असणं आणि धरणाच्या शुद्ध पाण्याजवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे बातम्या वाचून झाल्या.

आता कुणी म्हणेल, पाणीच कमी आहे त्याला काय करणार. कमी आहे का? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीची क्षमता २९ टीएमसीच्या आसपास. महापालिका वर्षाला उचलते ते १८ टीएमसीच्या पुढे. जलसंपदा विभागाशी पूर्वी झालेला करार साडेअकरा टीएमसीचा, म्हणून दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत तोच वाद आणि पलीकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची वाट बघत. अठराच धरू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. अठराचे रोजचे झाले साधारण १४० कोटी लिटर. शहरात पन्नास लाख माणसं धरली तर माणशी २८० लिटर होतात. समान पाणीपुरवठ्याची योजना मांडताना गळती ४० टक्क्यांच्या घरात धरली होती, ती सगळी वजा केली तरी माणशी १६८ लिटर उरतात. नियमपुस्तकातल्या १३५ पेक्षा ते जास्तच. तरीही शहराच्या कडेला पहाटे टँकरची रांग. मग हे पाणी कुठे जातं? ते शहरातच असतं. एका पाइपच्या तोंडाशी पिंप भरून वाहतं आणि दुसऱ्या पाइपच्या शेपटाला हवा येते. मीटर नसल्यामुळे कुठे वाहिलं आणि कुठे सुकलं हे ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. सगळे अंदाज, आणि अंदाजावर भांडण.

पुण्याला पाण्याची वाटणी नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं, पेठांतून हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद ही नावं अजून रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उपयोगी पडतात. पाणी फुकट होतं. पण सगळ्यांना होतं का? महात्मा फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यातच त्याचं उत्तर आलं. फुकट पाण्याचा प्रश्न तेव्हाही दराचा नव्हता. हौदापर्यंत कुणाला पोचू द्यायचं याचा होता. आज ते ठरवताना जात विचारत नाहीत, पत्ता विचारतात. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. घरपट्टीची नोटीस पोचायला वेळ लागला नाही, पाइप रांगत येतोय. त्यातही बांधकामाला परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घ्यायचं की पालिकेचं पाणी येईपर्यंत तो स्वखर्चाने पाणी देईल, ही पुण्यात रुळलेली पद्धत. इमारत ताब्यात दिली, सोसायटी नोंदली, की ते हमीपत्र कोणाच्या फायलीत झोपतं? माझ्या वहीत तर ते दर महिन्याला जागं होतं.

म्हणून मी मीटरच्या बाजूची आहे, आणि नुसतं बसवून ठेवलेल्या मीटरच्या नव्हे. २०१७ च्या जूनमध्ये महापालिकेने समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजवली, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर अशी ती योजना. टाक्या दिसतात, खोदलेले रस्ते तर फारच दिसले. मीटर बऱ्याच ठिकाणी बसले, काही ठिकाणी लोकांनी बसवूच दिले नाहीत. व्यापारी जोडण्यांना मीटरने बिल येतं. घरगुती ग्राहकाला अजून तरी पाणीपट्टीच. पट्टीची रक्कम मात्र २०१६ च्या ठरावाप्रमाणे वर्षानुवर्षं चढत गेली. पैसे आधी वाढले, मोजमाप मागून येणार. हलवायाने आधी भाव सांगावा आणि तराजू पुढच्या दिवाळीला आणावा, तसं.

मीटरला विरोध करणारे सगळे काही स्वार्थी नाहीत, आणि त्यांची भीती मला पोकळ वाटत नाही. वस्तीतल्या एका नळावर दहा माणसांचं कुटुंब असतं, चढत्या टप्प्याने दर लावला तर ते सगळ्यात वरच्या टप्प्यात जाईल आणि पॉश सोसायटीतलं दोघांचं घर खालच्या. ही गोष्ट खरी आहे, म्हणून टप्पे घरावर न मोजता माणसांवर मोजावेत, मुंबईत मोजतात तसे. दिल्लीत २०१५ पासून महिन्याला वीस हजार लिटरपर्यंत पाणी फुकट केलं, चांगलं केलं. पण वीस हजारांवर एक बादली गेली की सगळ्याच पाण्याचे पैसे, ही खोच नको. मर्यादेच्या काठावर उभं राहून मीटर बघत आंघोळ करायची वेळ येते. दुसरी भीती खासगीकरणाची. मीटर आलं की कंपनी येईल, कंपनी आली की दर वर जाईल. येऊ शकते. पण टँकर हे काय सहकारी तत्त्वावर चालतं? शहराच्या कडेचं पाणी कधीच खासगी झालंय, फक्त त्याला निविदा नव्हती, दरपत्रक नव्हतं आणि तक्रारीला टेबल नव्हतं.

तिसरी अडचण सोसायटीची, आणि ही मला जवळून माहीत आहे. महापालिकेचा मीटर इमारतीच्या जोडणीला बसतो. आत फ्लॅटनिहाय मोजायचं तर जुन्या इमारतीत ते सोपं नाही. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणारे नळ स्वयंपाकघराला वेगळे, संडास-बाथरूमला वेगळे; एका फ्लॅटला तीन-चार ठिकाणांहून पाणी. म्हणजे एका घराला तीन-चार मीटर. मग वादावादी टाळण्यासाठी सगळ्यांना समान वाटून टाकतात आणि एकटी राहणारी आजी चौथ्या मजल्यावरच्या सहा जणांच्या कपड्यांचे पैसे भरते. मला याचं पक्कं उत्तर सापडलेलं नाही. माणसांच्या संख्येवर वाटणी केली तर लोक पाहुण्यांची हजेरी घेतात. आमच्याकडे एकदा बाळंतपणाला आलेल्या मुलीचं बाळ मोजायचं की नाही यावर सभा पावणेदोन तास चालली.

पण जोडणीपाशी मीटर असणं आणि त्यावरचा आकडा छापला जाणं यासाठी ही अडचण आडवी येत नाही. मला आत्ता बिलसुद्धा नको आहे. जिथे दिवसभर पाणी येतं तिथे पट्टी सोडून मीटरने घ्या, जिथे येत नाही तिथे आधी पाणी द्या, मग बिल. या क्रमाची अदलाबदल झाली की मीटर गटारात जातो, तो लोकांनी फोडलेला असतो. तोवर मिळकतकराच्या बिलावर पाणीपट्टीच्या ओळीपुढे आणखी दोन आकडे छापा: तुमच्या जोडणीतून गेल्या वर्षी किती पाणी गेलं, आणि त्या हिशेबाने हजार लिटरला तुम्ही किती दिले. आणि टँकरच्या प्रत्येक पावतीवर लिटर आणि टँकर जिथे भरला त्या केंद्राचं नाव. ही शाई काही महाग नाही. जाऊबाईंच्या बिलावर समजा 'हजारी १०.७०' आणि माझ्या पावतीवर 'हजारी १५८' अशा दोन ओळी एकाच शहराच्या नावाखाली छापलेल्या दिसल्या, तर पेठेतल्या घराला चार रुपये वाढीव मागताना नगरसेवकाची जीभ इतकी अडखळणार नाही. आज तो मागतच नाही, कारण मतं पेठेतल्या वाड्यांत वर्षानुवर्षं मुरलेली आहेत आणि आमच्यातल्या निम्म्यांची नावं अजून गावाकडच्या यादीत. हाही आमचाच दोष, मान्य.

हे मी जाऊबाईंना तिथेच ओट्याशी सांगितलं. थोडं जास्तच तावातावाने सांगितलं असावं, कारण भावजी चष्मा शोधत आत आले. जाऊबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं पण म्हणजे आम्ही तुझ्या वाटणीचं पितो की काय?" मी नाही म्हटलं. जाऊबाई पीत नाहीत, त्यांचा नळ पितो. त्यांच्या गल्लीतली, आयुष्यात कधी न मोजलेली जोडणी पिते. पण हे वाक्य घरात म्हणण्याजोगं नव्हतं, म्हणून मी विडा तोंडात घातला.

नोव्हेंबरपासून आमच्या जिन्याजवळच्या फळ्यावर, भिशी आणि योगवर्गाच्या सूचनांच्या वर, एक ओळ असते: या महिन्यात हजार लिटरला किती. टँकर, बोअरची वीज, टाकीची सफाई, सगळं धरून. फेब्रुवारीत १६३ होती. लोक जिना चढताना थांबून बघतात आणि काही जण लिफ्टमध्ये भांडतात. दोन आठवड्यांपूर्वी समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. त्यांचा आकडा त्यांनी कधी काढला नव्हता. जाताना त्यांनी विचारलं, ती बांबूची पट्टी एक दिवसासाठी मिळेल का.